बालशिक्षणातली नोकरी, स्वतःची बालवाडी आणि हिशोबाचे शिक्षण

जाईजुई

नमस्कार. मी नाशिकला राहते. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यावर काही काळ एका कर सल्लागाराच्या कार्यालयात लेखनिकाचे काम केले, मग लहान मुलांबरोबर काम करण्याची ओढ स्वस्थ बसू देईना म्हणून पूर्वप्राथमिक शिक्षणाची पदविका पूर्ण केली आणि सध्या एका खाजगी बालवाडीत सहायक ताई म्हणून काम करते आहे. काम मनापासून आवडते. पगार मात्र आधीच्या नोकरीपेक्षा बराच कमी आहे, आणि घरचे विचारतात की या क्षेत्रात पुढे काय, तेव्हा मला नेमके उत्तर देता येत नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. सहायक ताईपासून पुढे जाण्याच्या वाटा कोणत्या, आणि त्यासाठी आणखी काय शिकावे लागते? दुसरे म्हणजे, काही वर्षांनी स्वतःची बालवाडी काढायची झाल्यास व्यवसायाची कोणती कौशल्ये आधी हाताशी असायला हवीत? पदविकेच्या अभ्यासक्रमात बालमानसशास्त्र होते, खेळसाहित्य होते, गाणी-गोष्टी होत्या. पण फी कशी ठरवावी, पगार कसा ठरवावा, भाडेकरार करताना काय पाहावे, याविषयी एक तासही झाला नाही. या क्षेत्रात बरीच वर्षे काढलेल्या मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पाटीपेन्सिल

जाईजुई, धागा काढल्याबद्दल आभार. वाटांविषयी मी लिहिते, कारण त्यांपैकी बऱ्याच मी चालून पाहिल्या आहेत. हिशोबाचे जाणकार येथे आहेतच.

खाजगी बालवाडीत सहायक ताई, वर्गताई, मग समन्वयक आणि शेवटी मुख्याध्यापिका अशी सरळ चढण असते. ती लहान असते आणि लवकर संपते, म्हणून अनेकींना वाटते की या कामाला पुढे वाटच नाही. खरी वाढ आडव्या दिशेने होते. एखादी ताई विशेष गरजा असलेल्या मुलांबरोबर काम करायला शिकते, एखादी प्रशिक्षक होते, एखादी खेळसाहित्य तयार करणाऱ्या संस्थेत जाते, एखादी गावपातळीवर काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेत अंगणवाड्यांना मार्गदर्शन करते. मानवविकास या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतले (श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात हा विषय पूर्वीपासून शिकवला जातो) तर महाविद्यालयात अध्यापन आणि संशोधन यांचीही दारे उघडतात. नोकरी न सोडता शिकायचे असेल तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन व शिक्षणाची पदविका आहे. माँटेसरी पद्धतीचे प्रशिक्षण हा वेगळा आणि खर्चिक मार्ग आहे. ती पद्धत खरोखर राबवणाऱ्या शाळेत काम करायचे असेल तरच तो घ्यावा, केवळ प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यासाठी घेऊ नये.

प्राथमिक शाळेत जायची इच्छा असेल तर डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदविका लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानला आहे, म्हणजे बालवाडीची ३ वर्षे आणि पहिली-दुसरी यांची एक सलग साखळी. ज्या ताईला बालवाडीही कळते आणि पहिलीचा वर्गही कळतो, तिला यापुढे शाळांमध्ये मागणी राहील असे माझे मत आहे.

या सगळ्या वाटांवर एक गोष्ट सोबत लागते, ती म्हणजे निरीक्षणाची वही. मी प्रत्येक मुलासाठी दोन पाने ठेवते आणि त्यात मत लिहीत नाही, दिसलेले लिहिते. ‘हट्टी आहे’ असे लिहून काहीच कळत नाही. ‘वाळूच्या पेटीत सर्वांत मोठा डबा स्वतःकडे ओढला, शेजारच्या मुलीने हात लावताच दोन्ही हातांनी झाकला, मी लहान डबा दिल्यावर तिच्या डब्यात वाळू ओतू लागला’ असे लिहिले, तर महिन्याभराने तीच नोंद पालकांशी बोलताना उपयोगी पडते. मुलाखतीला जाताना मुलांची नावे झाकून अशी वही दाखवावी. कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा तिचे वजन अधिक असते.

हिशेबनीस

माझी कोल्हापुरात बालवाडी आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी आकड्यांतच देतो, कारण आकडे कागदावर मांडल्याशिवाय बालवाडीचा हिशोब कोणालाच खरा वाटत नाही. पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपापल्या गावाप्रमाणे ते बदलून घ्यावेत.

समजा ४० मुले आहेत आणि प्रत्येकाची वार्षिक फी २४,००० रुपये आहे. जमा झाली ९,६०,०००. आता खर्च. जागेचे भाडे महिना २५,००० म्हणजे वर्षाला ३,००,०००. दोन वर्गताई, प्रत्येकी १४,०००, आणि अर्धवेळ काम करणाऱ्या दोन मावशी, प्रत्येकी ८,०००. म्हणजे पगाराचे महिन्याला ४४,००० आणि वर्षाला ५,२८,०००. खेळसाहित्य, कागद, रंग ६०,०००. वीज, पाणी, दूरध्वनी ३६,०००. विमा, दुरुस्ती आणि किरकोळ ३०,०००. एकूण ९,५४,०००. वर्षभर राबून चालकाच्या हातात उरतात ६,००० रुपये, आणि तेही चाळीसच्या चाळीस मुलांची पूर्ण फी आली तर.

प्रत्यक्षात जूनमध्ये ४० नावे नोंदवलेली असतात आणि जुलैअखेर ३४ मुले उरतात. कोणाची बदली होते, कोणी आजारी पडते, कोणी जवळच्या मोठ्या शाळेत प्रवेश मिळाला म्हणून जाते. ६ मुले कमी झाली की १,४४,००० रुपयांची जमा जाते आणि वर्षअखेर १,३८,००० ची तूट दिसते. आता हा दुसरा हिशोब पाहा : पगार ४४,००० आणि भाडे २५,००० मिळून महिन्याला ६९,०००, म्हणजे दोन महिन्यांचे नेमके १,३८,०००. फी येत नाही त्या एप्रिल-मे महिन्यांचे पगार आणि भाडे त्या सहा मुलांबरोबर गेले. म्हणून अनेक ठिकाणी ताईंना दहाच महिन्यांचा पगार दिला जातो, आणि म्हणूनच जूनमध्ये ताई बदललेली असते.

पैशाच्या गोष्टीचा मुलांशी काय संबंध, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी पुढचे लिहितो. आमच्याकडे एक तीन वर्षांचा मुलगा येई, तो पहिले काही आठवडे दप्तर पाठीवरून उतरवू देत नसे. दप्तर अंगावर असले म्हणजे आपण लगेच घरी जाणार, असा त्याचा हिशोब असावा. वर्गताईने त्याला कधी सक्ती केली नाही. ती रोज त्याच्या शेजारी स्वतःची पिशवी खांद्याला लावून बसे, आणि मग डबा खाताना आपली पिशवी खुंटीला अडकवी. एके दिवशी त्याने दप्तर तिच्या पिशवीशेजारी लावले. ती ताई दिवाळीनंतर अधिक पगाराच्या नोकरीवर गेली आणि मुलगा पुन्हा दप्तर घालून बसू लागला, कपडे ओले करू लागला. नवी ताई शिकलेली होती, प्रेमळही होती. पण ती नवी होती. तीन वर्षांच्या मुलाची शाळा म्हणजे ती एक व्यक्ती असते. ती व्यक्ती वर्षभर टिकवणे हे चालकाचे पहिले शैक्षणिक काम आहे, आणि ते जमाखर्चाच्या वहीत केले जाते.

जाईजुई

हिशेबनीस, आभार. हे वाचून थोडी धास्ती वाटली, पण डोळे उघडले. मग चालकाने करायचे काय? फी वाढवायची, की मुले वाढवायची?

हिशेबनीस

सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय म्हणजे वर्गात मुले वाढवणे. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणाप्रमाणे ३ ते ६ वयोगटात २० मुलांमागे एक शिक्षिका आणि त्याहून लहानांसाठी १० मुलांमागे एक, असे प्रमाण धरले आहे. २० ची ३० मुले केली तर कागदावर नफा दिसतो, पण वर्गात ताई फक्त गोंधळ आवरत राहते. निरीक्षणाची वही तिच्या हातात येतच नाही. दुसरा वाईट उपाय म्हणजे एक मावशी कमी करणे. मावशी कमी केली की शू-शीसाठी मुलाला नेताना वर्ग मोकळा सुटतो.

आम्ही चार गोष्टी केल्या. एक वर्ग मी आणि पत्नी स्वतः सांभाळतो, त्यामुळे एका ताईचा पगार घरात राहतो. दुपारी तीच जागा पाळणाघरासाठी वापरतो; भाडे एकदाच जाते आणि जमा दोन ठिकाणांहून येते. फी जून, ऑक्टोबर आणि जानेवारी अशा तीन हप्त्यांत घेतो आणि प्रत्येक हप्त्यातून एप्रिल-मेच्या पगाराचा वाटा वेगळ्या बँक खात्यात टाकतो, त्या खात्याला हात लावत नाही. चौथी गोष्ट म्हणजे फी ठरवताना चाळीस मुले धरतच नाही. चौतीस धरतो. वरच्या उदाहरणात ९,५४,००० भागिले ३४ म्हणजे मुलामागे सुमारे २८,००० येतात. २४,००० मध्ये बालवाडी चालते असे समजणारा चालक प्रत्यक्षात ताईच्या पगारातून फीची सवलत देत असतो.

नव्याने सुरू करणाऱ्याने तीन वह्या स्वतः लिहाव्यात : रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), फीची खतावणी (प्रत्येक मुलाचे स्वतंत्र खाते) आणि पुढच्या बारा महिन्यांत कोणत्या महिन्यात किती पैसे येणार व जाणार याचा तक्ता. वाणिज्य पदवीधराला हे अवघड नाही. माझ्या पाहण्यात बंद पडलेल्या बालवाड्यांपैकी बहुतेकींत मुले होती. ऑगस्टमध्ये हाताशी पैसे नव्हते.

कोसबाडची_वाट

सर्वांचे प्रतिसाद लक्षपूर्वक वाचले. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे आणि ते मी आदराने मांडते.

महाराष्ट्रात बालशिक्षण रुजले ते व्यवसाय म्हणून नव्हे. गुजरातेत भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली पाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. बिया, शिंपले, पाने, काड्या हेच साहित्य वापरले. मुलामागे खर्च किती आणि जमा किती असा हिशोब घातला असता तर हे काम उभेच राहिले नसते.

आज शहरात बालवाडी म्हटली की रंगीत फलक, वातानुकूलित खोली आणि वार्षिक समारंभ एवढेच दिसते. नव्या मुलींना व्यवसायाची कौशल्ये शिकवू लागलो तर त्या मुलाकडे प्रवेश म्हणून पाहू लागतील, याची मला काळजी वाटते.

पाटीपेन्सिल

कोसबाडची वाट, तुमची काळजी खरी आहे. तरीही एक बाजू राहते. बिया आणि शिंपले वापरायचे ठरवणे हा ध्येयाचा निर्णय होता तसाच तो खर्चाचाही निर्णय होता : जे साहित्य पाड्यावर फुकट मिळते, जे मोडले तर पुन्हा आणता येते, तेच गावोगाव टिकेल, हे त्या दोघींना पक्के कळले होते. देणग्या मिळवणे, सरकारी अनुदानाचे हिशोब देणे, गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन काम सोपवणे, हे सगळे व्यवस्थापनच होते. नफा हा त्यांचा हेतू नव्हता, एवढाच फरक. हिशोब त्यांनीही चोखच ठेवला असणार, नाहीतर इतकी वर्षे संस्था चालत नाही.

आणि ज्या मुली आज या कामात येतात त्या निवृत्तिवेतनाशिवाय, बहुधा कराराशिवायच काम करतात. ध्येयाच्या नावाखाली त्यांना कमी पगार देण्याची सवय आपल्या समाजाला लागली आहे. मला ती मान्य नाही.

अंगणातली

मी पालघर जिल्ह्यात मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. वर सगळी चर्चा खाजगी बालवाडीची झाली, म्हणून अंगणवाडीविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत आणि ग्रामीण भागातल्या बहुतेक मुलांची पहिली शाळा तीच असते.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्यात मदतनीस, सेविका, मुख्यसेविका आणि बालविकास प्रकल्प अधिकारी अशी रचना आहे. मदतनिसाला सेविका होता येते आणि मुख्यसेविकेच्या काही जागा अनुभवी सेविकांमधून भरल्या जातात. थेट भरतीने प्रकल्प अधिकारी होण्यासाठी लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी लागते. सेविकेला पगार नसून मानधन मिळते, आणि त्यासाठी महाराष्ट्रातल्या सेविकांना डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घ संपावर जावे लागले, हे विसरता येत नाही. मात्र एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनिसांना १९७२ च्या उपदान (ग्रॅच्युइटी) कायद्याचा लाभ मिळाला पाहिजे असा निर्णय दिला, तो आमच्यासाठी मोठा आधार आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिक्षण असलेल्यांना एक वर्षाची पदविका देण्याचे म्हटले आहे. ज्या सेविकेला तशी संधी मिळेल तिने ती सोडू नये.

व्यवस्थापनाचे म्हणाल तर सेविकेइतके व्यवस्थापन फार थोड्यांना करावे लागत असेल. सकाळी आल्यावर आहाराच्या साठ्याची नोंद, हजेरी, मग मुलांचे वजन-उंची, ते सगळे भ्रमणध्वनीवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये भरणे, गरोदर मातांच्या भेटी, लसीकरणाचा दिवस, ग्रामपंचायतीची बैठक. आणि या सगळ्यातून वेळ काढून बडबडगीते आणि रंगकाम. माझ्या एका सेविकेने एक साधी पद्धत बसवली आहे. वजनकाट्यावर चढण्याआधी प्रत्येक मूल दाराशी ठेवलेल्या परडीतून एक चिंचोका उचलते आणि आपल्या चित्राच्या डब्यात टाकते. हजेरी आपोआप होते, मोजणी शिकून होते, आणि रांगेत ढकलाढकली होत नाही. एका कृतीत तीन कामे उरकली आणि मुलांना तो खेळच वाटतो. हे कौशल्य कोणत्या अभ्यासक्रमात शिकवतात मला ठाऊक नाही, पण त्याला व्यवसायकौशल्यच म्हणावे लागेल.

जाईजुई

अंगणातली ताई, हा प्रतिसाद मी माझ्या मुख्याध्यापिकांनाही वाचायला देणार आहे. आणखी एक प्रश्न. माझ्या ओळखीतल्या एका ताईने मोठ्या नावाच्या साखळीची शाखा घेतली आहे आणि ती मलाही तसेच सुचवते. नाव तयार असते, अभ्यासक्रम तयार असतो, पालक लवकर येतात, असे तिचे म्हणणे. याविषयी कोणाला अनुभव आहे का?

प्रवरातीर

माझ्या बहिणीने अशी शाखा पाच वर्षे चालवली, आणि तिचे हिशोब मी पाहत असे, म्हणून लिहितो. साखळीचे नाव लिहीत नाही.

तयार नावाचा फायदा असतो, विशेषतः पहिल्या वर्षी. तो नाकारण्यात अर्थ नाही. पण करार वाचताना तीन कलमांवर बोट ठेवावे. पहिले, स्वामित्वशुल्क (नाव वापरण्याबद्दल कंपनीला द्यायची रॉयल्टी) कशावर आकारले जाते : नफ्यावर की जमा फीवर? बहुधा ते जमा फीवर असते, म्हणजे तोट्याच्या वर्षीही द्यावे लागते. शिवाय त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या फीवर हा कर माफ आहे, त्यामुळे भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. तो पूर्णपणे खर्चातच जातो. बहिणीला हे पहिल्या वर्षाचे लेखे तयार होईपर्यंत कोणीही सांगितले नव्हते. दुसरे, साहित्याचा संच दरवर्षी कंपनीकडूनच घ्यावा लागतो का आणि त्याची किंमत कोण ठरवतो. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, करार संपल्यावर त्याच जागेत, त्याच पालकांसाठी, स्वतःच्या नावाने बालवाडी चालवता येते का. बहिणीच्या करारात ठरावीक काळ मनाई होती. पाच वर्षे तिने ज्या पालकांचा विश्वास कमावला तो कागदोपत्री दुसऱ्याच्या नावावर होता.

जिला हिशोब येतो आणि वर्ग घेता येतो, तिने शाखा घेण्याआधी स्वतःच्या नावाने एका वर्गाची बालवाडी करून पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुपारचीझोप

पुण्यात हिंजवडीजवळच्या एका कंपनीच्या आवारातले पाळणाघर मी सांभाळते. या वाटेचा उल्लेख कोणी केला नाही म्हणून लिहिते.

प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली जी तरतूद आली आणि जी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे, तिच्यानुसार ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची असते आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभा द्यायची असते. त्यामुळे कंपन्यांसाठी पाळणाघरे चालवणाऱ्या संस्थांमध्ये प्रशिक्षित ताईंना काम मिळू लागले आहे. येथे पगार बालवाडीपेक्षा सहसा बरा असतो, पण दिवस लांब असतो आणि मे महिन्याची सुट्टी नसते. वर्षाच्या आतल्या बाळांसाठी मी दहाला एक हे प्रमाण मानत नाही. तीन किंवा चार बाळांमागे एक ताई नसेल तर काम स्वीकारू नये.

येथे शिकण्यासारखी मोठी गोष्ट म्हणजे लेखी सुपूर्दगी. बाळ आले तेव्हा ताप होता का, शेवटचे दूध कधी घेतले, अंगावर आधीची खरचट कुठे आहे, हे आईच्या सहीने लिहून घेतो. जाताना झोप, खाणे, शी-शू आणि काही लागले असल्यास ते लिहून देतो. मुलाला नेण्यासाठी कोण येऊ शकते त्यांची छायाचित्रे नोंदवहीत असतात, आणि ओळखीचे आजोबा असले तरी यादीत नाव नसेल तर मूल देत नाही, आधी आईला दूरध्वनी करतो. प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी आणि लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या (पॉक्सो) कायद्याची ओळख हा आमच्याकडे पहिल्याच आठवड्याचा भाग असतो. एका वर्गाची बालवाडी असली तरी हे सगळे हवेच.

यारानदी

मेलबर्नहून लिहिते. येथे अनेक मराठी मुली या क्षेत्रात आल्या आहेत, म्हणून थोडक्यात सांगते. येथे काम करण्यासाठी किमान एक प्रमाणपत्र हातात असावे किंवा त्याचा अभ्यास सुरू असावा लागतो, आणि प्रत्येक केंद्रातल्या निम्म्या शिक्षिकांकडे पदविका असणे किंवा त्या ती घेत असणे बंधनकारक असते. आमच्या राज्यात तीन वर्षांखालच्या चार मुलांमागे एक आणि त्यापुढच्या अकरा मुलांमागे एक शिक्षिका ठेवावी लागते. प्रमाण मोडले तर केंद्रावर कारवाई होते, त्यामुळे एखादी ताई आजारी असली की केंद्रप्रमुखाची सकाळ बदली ताई शोधण्यात जाते. भारतातली पदविका येथे आपोआप चालत नाही, तिचे मूल्यमापन करून घ्यावे लागते. फक्त परदेशी जाण्यासाठी म्हणून हे शिक्षण घेऊ नये. काम शारीरिकदृष्ट्या कष्टाचे आहे आणि मुलांची आवड नसेल तर ते निभत नाही.

कोसबाडची_वाट

हिशेबनीसांचा दप्तराचा प्रसंग आणि चिंचोक्यांची परडी वाचल्यावर माझ्या पहिल्या प्रतिसादातला एक भाग मी मागे घेते. हिशोब आणि जिव्हाळा यांत मी जे अंतर पाहत होते तेवढे ते नाही. तरी एक प्रश्न उरतोच. पालक फी देतात तेव्हा ते लेखनाची मागणी करतात. साडेतीन वर्षांच्या मुलाने दोन ओळी लिहाव्यात असा आग्रह असतो, आणि शेजारची बालवाडी ते करून दाखवते. चौतीस मुलांवर पगार अवलंबून असताना चालक नाही कसे म्हणणार?

हिशेबनीस

फार मोलाचा प्रश्न आहे आणि याचे उत्तर आकड्यांत नाही. पालकांशी बोलणे हे मी या व्यवसायातले सर्वांत अवघड कौशल्य मानतो.

आम्ही प्रवेशाआधीच पालकांना वर्गात तासभर बसवतो. काय शिकवतो ते सांगत नाही, बघायला लावतो. मणी ओवणारे मूल अंगठा आणि तर्जनी कशी धरते, मळलेल्या कणकेच्या वळ्या करताना मनगट कसे फिरते, आणि पेन्सिल धरायला हीच पकड कशी लागते, हे पालकांना मुलाच्या हातावर दाखवतो. २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा खेळातून शिकण्यावर आणि शक्यतो घरच्या भाषेत शिकवण्यावर भर देतो. त्याच्या मराठीतल्या मुद्द्यांचे एक पान पालकांच्या हाती देतो. त्यानंतरही काही पालक जातात. ते जाणार हे धरूनच फी चौतीस मुलांवर बसवलेली असते. ज्या चालकाकडे दोन महिन्यांचे पैसे बाजूला असतात त्याला पालकाला शांतपणे नाही म्हणता येते. ज्याच्याकडे नसतात तो सप्टेंबरपर्यंत मुलांच्या हाती दुरेघी वही देतो. म्हणून त्या राखीव खात्याला मी अभ्यासक्रमाचाच भाग समजतो.

मराठी माध्यमाचा प्रश्न याहून कठीण आहे. आमच्या आजूबाजूला इंग्रजी माध्यमाच्या पाट्या वाढल्या तेव्हा आमची मुले कमी झाली. आम्ही मराठीतच राहिलो, इंग्रजी गाणी आणि बोलणे रोज थोडा वेळ ठेवले, आणि पहिलीत गेलेल्या मुलांच्या पालकांना नव्या पालकांशी बोलायला बोलावले. दोन वर्षे ओढाताण झाली, मग संख्या सावरली.

जाईजुई

सर्वांचे मनापासून आभार. मी ठरवले आहे ते असे : पुढची दोन वर्षे नोकरीतच राहायचे, निरीक्षणाची वही सुरू करायची, आणि मुख्याध्यापिकांना विनंती करून फीची खतावणी मी लिहायची. त्या तयार झाल्या आहेत. त्यांनाही मदत हवीच होती. त्यानंतर एका वर्गापासून सुरुवात. एक शेवटचा व्यावहारिक प्रश्न : जागेसाठी अकरा महिन्यांचा करार करावा की मोठा? आणि कोणत्या परवानग्या आधी घ्याव्यात?

प्रवरातीर

अकरा महिन्यांचा करार बालवाडीसाठी धोक्याचा आहे. शैक्षणिक वर्षाच्या मध्यात जागा सोडावी लागली तर मुले आणि ताई दोन्ही जातात. तीन ते पाच वर्षांचा लीव्ह अँड लायसन्स करार करावा, भाडेवाढ दरवर्षी किती टक्के हे आधीच लिहून घ्यावे, आणि मालकाला मधेच जागा परत मागता येणार नाही असा किमान काळ ठरवून घ्यावा. महाराष्ट्रात हा करार, अकरा महिन्यांचा असला तरी, नोंदणीकृतच करावा लागतो. करार कोणत्याही महिन्यात सुरू झाला तरी तो एप्रिल किंवा मे महिन्यात संपेल असा करावा.

जागा सोसायटीत असेल तर सोसायटीची लेखी परवानगी पैसे देण्याआधी हवी. वीजजोडणी आणि मालमत्ता कर व्यावसायिक दराने लागतो का, तेही महापालिकेत विचारून घ्यावे. अग्निसुरक्षा, तळमजला, मुलांच्या उंचीचे नळ आणि शौचालय, रस्त्याकडे न उघडणारे दार, हे पाहावे. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने २०२५ मध्ये खाजगी पूर्वप्राथमिक केंद्रांची माहिती संकेतस्थळावर नोंदवण्यास सांगितले आहे, ती नोंदणी करावी. संस्था करणार की स्वतःच्या नावाने चालवणार, आणि गणवेश किंवा पुस्तके वेगळी विकली तर कर कसा लागेल, हे कर सल्लागाराला विचारावे. तुमचे आधीचे कार्यालय आहेच.

अंगणातली

जागा पाहायला जाल तेव्हा सकाळी दहाच्या सुमारास एकदा आणि दुपारी बाराच्या सुमारास एकदा जा, आणि जमिनीवर बसून पाहा. ऊन कुठे येते, फरशी किती तापते आणि रस्त्याचा आवाज किती येतो, हे उभे राहून कळत नाही.